कोकण किनाऱ्यावरून निघालेली चार मुले: विनोदी पटकथेसाठी मार्ग, हंगाम आणि विनोदाबद्दल सल्ला हवा आहे

किनारवाट

नमस्कार. मी एका पूर्ण लांबीच्या विनोदी चित्रपटाची पटकथा लिहीत आहे. पहिला खर्डा अर्ध्यावर आला आहे आणि आता जे प्रश्न उभे राहिले आहेत, त्यांची उत्तरे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांकडूनच मिळतील असे वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कथा गुहागर तालुक्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या चार मित्रांची आहे. अनिकेत दहावीत नापास झाला आहे. कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून स्वतंत्रपणे परीक्षा घेऊ लागले आणि तेव्हापासून त्याचा निकाल सातत्याने राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. शंभरांत जेमतेम एक जण नापास होतो अशा ठिकाणी तो एक जण होणे काय असते, हे मला दाखवायचे आहे. सोहम शिमग्यात गावच्या नमनात (कोकणातल्या लोकनाट्यात) राधा होतो. शिमग्यात त्याला बक्षिसे मिळतात आणि शाळेत त्याच गोष्टीवरून त्याला चिडवले जाते. प्राची असगोलीच्या मच्छीमार घरातली. तिला वारा आणि पाणी कळते, पण होडीवर कोणी घेत नाही. आर्यन डोंबिवलीत वाढला, २०२० च्या टाळेबंदीत आईवडिलांबरोबर गावी आला तो इथेच राहिला, आणि त्याचे पुस्तकी मराठी ऐकून सगळे त्याला अजून पाहुणाच समजतात.

सिंधुदुर्गात दशावतार या लोकनाट्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मोठा मान असतो, असे सोहमने ऐकले आहे. त्याला एखाद्या दशावतारी मंडळात शिरायचे आहे आणि बाकीचे तिघे त्याला तिथे पोहोचवायला निघतात. सध्याच्या खर्ड्यात निकालानंतर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, अनिकेत काकांची जुनी जीप न विचारता काढतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सावंतवाडी तालुक्याकडे जायचे ठरते.

वाटेत अडचणी तर यायलाच हव्यात; पण त्या लेखकाने आणून ठेवलेल्या वाटू नयेत, त्या भूगोलातून आणि माणसांतून याव्यात. त्या कोणत्या असू शकतील? वाहन आणि हंगाम योग्य आहेत का? आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की ही चारही मुले गावाच्या चौकटीत न बसणारी आहेत आणि मला त्यांना हसायचे नाही. नापास मुलगा मठ्ठ, राधा होणारा मुलगा थट्टेचा विषय, मुंबईकर बावळट आणि मुलगी या तिघांना वळण लावणारी, असा ठरलेला साचा मला नको आहे. मग हसू कुठून यावे?

खाडीपलीकडे

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खाड्यांमध्ये आहे. सह्याद्री समुद्रापासून फार दूर नाही, त्यामुळे इथल्या नद्या लांबीला आखूड. पण मुखाशी त्या रुंद होतात आणि भरतीचे पाणी कित्येक मैल आत येते. वासिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण अशी ही ओळ आहे. प्रत्येक खाडीच्या अलीकडचे गाव पलीकडच्या गावाला डोळ्यांनी दिसते, तिथल्या देवळातला कर्णा ऐकू येतो, आणि तरी तिथे जायचे तर फेरीबोट पकडावी लागते किंवा आत लांबवर जाऊन पूल गाठावा लागतो. गुहागरहून मालवणपर्यंत किनाऱ्याने जायचे तर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरेल, पण हा रस्ता पळायला कोणालाच देत नाही, आणि पळून चाललेल्या मुलांसाठी याहून चांगली अडचण मला सुचत नाही.

तुमच्या मुलांची पहिली परीक्षा तवसाळला होईल. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तुम्ही शास्त्रीच्या मुखाशी तवसाळला येता आणि समोर जयगड दिसतो. फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. ती चुकली, तर आबलोलीकडून भातगावच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. फेरीबोटीवर प्रसंग आपोआप घडतात, कारण तिथे कोणाला कुठे जाता येत नाही: लग्नाला निघालेले कुटुंब, आंब्याच्या किंवा चिऱ्यांच्या गाडीचा चालक, बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई असे सगळे तेवढा वेळ कठड्याला टेकून एकमेकांकडे बघत उभे असतात. ज्याला तोंड लपवायचे आहे, त्याच्यासाठी जगात याहून वाईट जागा नाही.

दुसरे म्हणजे पाणी. मालगुंडला किंवा गणपतीपुळ्याला वाळूत गाडी घालणे आणि ती रुतणे हे दर सुट्टीत घडते. कोरडी वाळू फसवते हे सगळ्यांना ठाऊक असते. खरी फसवणारी वाळू मात्र पाण्याजवळची, घट्ट दिसणारी असते. तिच्यावर गाडी सुरळीत चालते, थांबवली की चाकाखाली पाणी सुटते, आणि घाबरून चाक जितके फिरवावे तितके ते खाली जाते. मग चाकातली हवा कमी करणे, पुढची वाळू हातांनी उकरणे, माडाच्या झावळ्या आडव्या घालणे हे उद्योग सुरू होतात. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब तुमच्या प्राचीला नक्की येत असेल: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी समुद्र लांब आत गेलेला असतो, पुळण (वाळूचा किनारा) मैदानासारखी मोकळी दिसते आणि रात्री उधाणाचे पाणी वर चढते. तिघे मुलगे मोबाइलवर भरतीचे तक्ते शोधत आहेत, तिथे नेटवर्क मिळत नाही, आणि प्राची बोटांवर तिथी मोजून सांगते की आपल्याकडे साडेतीन तास आहेत. हा प्रसंग तुम्ही घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यात तिला भाषण करावे लागत नाही आणि तरी ती काय आहे ते कळते.

वस्तीची गाडी

जीपबद्दल लिहितो. माझे वडील एसटीत वाहक होते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेलच. पण आधी कायदा. मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे जीप चालवायला १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो, तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता असतो. २०१९ च्या दुरुस्तीने १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते, हे मालकाने स्वतः सिद्ध करायचे असते. आता तुमच्या पहिल्याच प्रसंगात अनिकेत काकांना न विचारता जीप काढतो. ज्याला हे माहीत आहे, असा प्रत्येक प्रेक्षक तिथून पुढे काकांची काळजी करत बसेल आणि हसणार नाही. शिवाय दहावीत अडकलेल्या मुलाला गाडीतही अडकवणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांना एसटीने जाऊ द्या. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना चार आणि सात दिवसांच्या पासाची आहे. एकदा पैसे भरले की तेवढे दिवस हव्या त्या गाडीत बसावे. चार मुलांनी साठवलेले पैसे या पासावर घालणे आणि मग प्रत्येक क्षणी तो वसूल करण्याच्या हट्टापायी नको त्या गाडीत चढणे, यात विनोद आहे आणि तो कोणाच्याही स्वभावाची टर उडवत नाही. पास नको असेल तर दुसरी गंमत आहे: १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. त्यामुळे प्राचीचे पैसे सगळ्यांत उशिरा संपतील आणि तिसऱ्या दिवशी चौघांचा खजिना तिच्या हाती असेल.

पण मला खरे सांगायचे आहे ते वस्तीच्या गाडीबद्दल. आपल्याकडे अनेक गावांत रात्रीची शेवटची गाडी मुक्कामाला जाते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून तालुक्याला निघते. चालक-वाहक गाडीतच किंवा देवळाच्या सभामंडपात झोपतात, कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी येते. चुकीच्या गाडीत चढलेली चार मुले अशा गावात उतरली, की पहाटेपर्यंत त्यांना सुटका नाही. वाहक तिकिटांचा हिशेब जुळवत बसलेला असतो, चालकाने गाडीतल्या बाकावर अंथरूण घातलेले असते. आता या चौघांचे पालक तेच दोघे. रागवायचा त्यांना अधिकार नाही, सोडून जाता येत नाही, आणि सकाळी पाचला डबल बेल द्यायची आहे. त्या रात्री अनिकेत प्रथमच कोणापुढे तरी ‘मी नापास झालो’ असे मोठ्याने म्हणू शकेल, कारण या माणसाची गाठ पुन्हा पडणार नाही असे त्याला वाटत असते. अर्थात त्या वाहकाची बहीण गुहागरलाच दिलेली असणार.

वाळूत रुतण्याचा प्रसंग हवाच असेल तर रिक्षा वापरा. प्रौढ, परवानाधारक चालक असलेली गुहागरची रिक्षा फेरीबोटीने जयगडला उतरते. रिक्षाचा परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असतो, त्यामुळे ती सिंधुदुर्गात जाऊच शकत नाही आणि मुलांना कुठेतरी एसटी धरावीच लागते. तीन प्रवाशांच्या रिक्षात चार मुले बसतात एवढ्या गोष्टीवर चालकाची कुरकुर सबंध वाटभर चालू राहू शकते.

किनारवाट

दोघांचेही आभार. जीप काढून टाकली. रिक्षा मालगुंडपर्यंत आणि पुढे एसटी, हे मला पटले. वस्तीच्या गाडीचा प्रसंग मध्यंतराच्या जागी बसेल असे दिसते. दशावताराबद्दल कोणी जाणकार असल्यास जरूर लिहावे. तिथे माझे ज्ञान प्रेक्षकाचे आहे.

पायपेटी

आमच्या घरी दशावतार आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. तुमची मुले जूनमध्ये सिंधुदुर्गात पोहोचली, तर त्यांना एकही नाटक दिसणार नाही. दशावताराचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांनी सुरू होतो आणि पावसाआधी संपतो. मृग लागला की कलाकार शेतात असतो. रात्री भरजरी अंगरखा घालून बाकावर इंद्र म्हणून बसणारा माणूस तेव्हा भाताच्या रोपांसाठी तरवा पेरत असतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. हे दृश्य चांगले आहे, नाही असे नाही. पण सोहमला राजा चिखलात दिसला आणि नाटक दिसलेच नाही, तर तो कशासाठी आला हे प्रेक्षकाला कधीच कळणार नाही. जूनचा मोह सोडा.

दिवाळीच्या सुट्टीत निघा. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावंतवाडी तालुक्यात सोनुर्लीला माउलीची जत्रा असते. लोटांगणांची जत्रा म्हणून ती प्रसिद्ध आहे. तारीख ठरलेली असल्याने तुमच्या प्रवासाला मुदत मिळते. आंगणेवाडीची जत्रा मोठी खरी, पण तिचा दिवस देवीच्या कौलाने ठरतो, त्याला ठरावीक तिथी नाही. घरातून पळालेल्या मुलांना तेवढे थांबणे परवडणार नाही.

आता आत काय दिसते ते सांगतो. पडदा, नेपथ्य असे काही नसते. एक बाक असतो, तोच सिंहासन, तोच पलंग, तोच रथ. हार्मोनियम, मृदंग, झांज. कलाकार आपली रंगभूषा आपणच करतो: देवळामागे किंवा एखाद्या पडवीत ट्रंक उघडून, झाकणाला लहानसा आरसा टेकवून, मांडी घालून तो बसतो. आजूबाजूला पोरे जमतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्याला, ज्याला आम्ही स्त्रीपार्टी म्हणतो, सगळ्यांत जास्त वेळ लागतो. आधी दाढी पुन्हा एकदा खरवडून काढणे, मग रंग, मग भुवया, कुंकू, केस, आणि सर्वांत शेवटी नऊवारीच्या निऱ्या. निऱ्यांपर्यंत तो शेजाऱ्याशी भाताच्या भावाबद्दल बोलत असतो. निऱ्या खोचून उठला, की त्याचे चालणे बदलते आणि शेजारीही त्याच्याशी तसा बोलत नाही. सोहमने हे जवळून पाहावे. तो गावात राधा होतो तेव्हा नमनातल्या गवळणीत मावशीच्या विनोदाने लोक हसत असतात आणि राधेला त्या हशातून वाट काढावी लागते. इथे तारामती पुत्रशोक करते तेव्हा जत्रेतला खाजेवालासुद्धा पुडी बांधायची थांबवतो. हा फरक सोहमला कोणी समजावून सांगू नये.

एक विनंती मात्र आहे. सोहमला त्या रात्री मंडळात घेऊन टाकू नका. नाटकाला लिखित संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरते आणि संवाद जागेवर उभे राहतात, आणि त्यासाठी पुराणकथा, पदे, सहकलाकाराचा स्वभाव हे सारे अंगात मुरलेले लागते. कोणताही मालक सतरा वर्षांच्या अनोळखी मुलाला एका रात्रीत तारामती करणार नाही. तो आधी विचारेल, ‘कोणाचो रे तू? खयसून इलंस? घराकडे सांगून इलंस मां?’ आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आल्यावर घरी फोन लावायला सांगेल. कदाचित ट्रंक उचलायला सांगेल. ज्याला ट्रंक उचलायला सांगितली, त्याला पुढच्या वर्षी ये असे सांगितल्यासारखेच असते.

खाडीपलीकडे

पायपेटी यांनी हंगाम बदलला म्हणून माझा हिशेब दुरुस्त करायला हवा. पौर्णिमेनंतर लगेच सोनुर्ली असेल, तर मालगुंडचा प्रसंग पाच-सहा दिवस आधीचा, म्हणजे नवमी-दशमीच्या सुमाराचा. नवमीची भरती पावणेसातच्या सुमारास येईल. याचा अर्थ संध्याकाळी पुळण मोकळी नसेल. ओहोटी दुपारी साडेबाराच्या आसपास. तेव्हा रिक्षा भर दुपारी रुतवा आणि पाणी मावळतीला येऊ द्या. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाचे पाणी, ते उधाणासारखे वर चढत नाही. प्राचीला हे ठाऊक आहे, रिक्षाचालकाला नाही. सगळे धावपळ करत असताना ती शांतपणे बसून आहे आणि तिला रिक्षाची काळजी नाही असे बाकीच्यांना वाटते, यातून भांडण होऊ शकते. पाणी चाकांच्या आसापर्यंत येते आणि परत फिरते.

तोपर्यंत माणसे जमलेली असतीलच. रिक्षा हलकी असते, आठ-दहा जणांनी धरली तर उचलली जाते. ती उचलताना जो तो या चौघांकडे पाहून कोणाचा कोण हे जुळवत असतो.

वाटेकरीण

मी मालवणच्या बाजूची, मच्छीमार गाबीत समाजातली. प्राचीबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

मुलगी मच्छीमारांची आणि तिला समुद्रावर जाऊ देत नाहीत, एवढ्यावर तिचा बाप वाईट ठरवला जातो. कृपा करून तसे करू नका. ज्या माणसाने वादळात शेजारच्या होडीची वाट पाहिलेली असते, तो मुलालाही सुखाने पाठवत नाही. आणि किनाऱ्यावरचे काम दुय्यम नसते. होडी लागल्यापासून पुढचे सारे, म्हणजे मासळी निवडणे, लिलावात भाव धरणे, खारवणे, सुकवणे, विकणे हे बायकांच्या हातात असते आणि घरातला पैसा तिथून येतो. प्राचीला भावाची घासाघीस जमत असणार. तुमच्या खर्ड्यात तिला फक्त वारा-पाणी कळते. रिक्षावाल्याशी, खानावळीत, वाहकाशी सगळीकडे तीच बोलेल. तिच्या बोलण्याला धार असू द्या, ती धार तिने आईकडून घेतलेली आहे.

दुसरे म्हणजे रापण. कार्तिकात आमच्याकडे रापण चालू असते (जूनमध्ये मासेमारीबंदी असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, हंगाम बदललात ते बरे झाले). होडी जाळे सोडत अर्धवर्तुळात फिरून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढायचे असतात. वाटसरूनेही दोर धरला तर त्याला मासळीतला वाटा मिळतो, हा रिवाज आहे. पैसे संपलेली चार मुले उपाशीपोटी दोर ओढतात. ओल्या दोराने आर्यनच्या हाताची साले निघतात. पाय वाळूत कसे रोवायचे आणि कंबरेने कसे ओढायचे ते प्राची त्याला दाखवते. सगळी रांग एका तालात मागे सरकते आणि कोण कुठला याचा तेवढा वेळ सर्वांना विसर पडतो. शेवटी त्यांच्या वाट्याला पेडवे आणि चार बांगडे येतात. आता त्यांच्याकडे मासळी आहे, पण टोप नाही, चूल नाही, मीठ नाही, आणि मासळीची पिशवी घेऊन एसटीत कोणी चढू देणार नाही. मग ती मासळी घेऊन कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहणे आले. दार उघडणारी बाई पिशवीत आधी बघेल आणि मग तोंडाकडे.

खडू-फळा

मी रत्नागिरी जिल्ह्यातच माध्यमिक शाळेत शिकवतो. इतक्या प्रतिसादांतून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच येऊन गेले आहे, ते फक्त उचलून दाखवतो. रुतलेली रिक्षा उचलणारे, वाहक, मंडळाचे मालक, मासळी घेणारी बाई हे सगळे एकच प्रश्न विचारत आहेत: तू कोणाचा? शहरातली मुले पळून जातात तेव्हा त्यांना जग अनोळखी असते आणि तीच भीती असते. इथे उलटे आहे. तुमच्या मुलांना चार दिवस अनोळखी व्हायचे आहे. आडनाव, वाडी, टक्के, राधा, पाहुणा हे काहीही न चिकटता नुसते कुठेतरी उभे राहायचे आहे, आणि हा किनारा त्यांना ते करू देत नाही, कारण प्रत्येक गावात कोणाची तरी आत्या दिलेली आहे. हसू इथून येईल. हसणे मुलांवर होणार नाही, त्यांच्या खोट्या नावांवर होईल, दर गावात बदलाव्या लागणाऱ्या गोष्टींवर होईल, आणि त्या गोष्टी ऐकून घेणाऱ्या, बरोबर ओळखलेल्या पण तसे न दाखवणाऱ्या मोठ्या माणसांवरही थोडे होईल.

अनिकेतबद्दल मात्र मला काळजी वाटते. कोकण विभागाची टक्केवारी विनोदासाठी सोयीची आहे, पण अशा निकालात नापास झालेला मुलगा मी वर्गात पाहिलेला आहे. त्याला कोणी रागवत नाही. लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलतात, आणि ते त्याला सगळ्यांत जास्त लागते. निकालाच्या दिवशी पेढे वाटणारी मुले त्याच्या घरावरून जाताना पेढ्याचा पुडा मागे धरतात. तुम्ही कथा दिवाळीत नेली आहे, तेव्हा हेही लक्षात घ्या की दरम्यान निकालानंतरची पुरवणी परीक्षा होऊन गेलेली असेल. म्हणजे एक तर तो पुन्हा नापास झाला आहे, नाही तर तो बसलाच नाही. माझ्या मते तो बसला नाही आणि बसलो असे घरी सांगितले आहे, हे जास्त खरे वाटेल. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे अर्ज दिवाळीच्या आसपासच भरायचे असतात, त्यामुळे त्याची मुदत आणि सोहमची मुदत एकमेकांवर येतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो शाळेपासून अडीचशे किलोमीटरवर आहे, असे करता येईल. त्याला हुशार ठरवण्यासाठी वाटेत इंजिन दुरुस्त वगैरे करायला लावू नका. नापास झालेल्या मुलाला दुसऱ्या कशात तरी पहिला आणल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्याची काही गरज नसते.

किनारवाट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. आता मांडणी अशी दिसते: कार्तिक शुद्ध नवमीला गुहागरहून रिक्षा, तवसाळ-जयगड फेरी, मालगुंडची पुळण, रत्नागिरीहून चुकीची एसटी आणि वस्तीचे गाव, पुढे देवगडमार्गे मालवणकडे रापण, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री सोनुर्ली. सोहम मंडळात शिरत नाही, ट्रंक उचलतो. अनिकेतने पुरवणी परीक्षा दिलेलीच नाही, हे वस्तीच्या रात्री बाहेर येईल. इंजिन दुरुस्तीचा प्रसंग खर्ड्यात होता, तो काढला. प्राचीच्या आईचा एक प्रसंग सुरुवातीला वाढवतो आहे.

आर्यनचे मात्र अजून काही सुचत नाही. प्रवासभर त्याच्या पुस्तकी बोलण्याला लोक हसतात आणि रापणीनंतर ते थांबते, एवढेच माझ्याकडे आहे. तो शेवटी मालवणी बोलू लागतो असे दाखवणे मला खोटे वाटते. जत्रेत त्याला काय काम असावे?

पायपेटी

त्याला मालवणी बोलायला लावू नकाच. दशावतारात मालवणी बोलतो तो संकासुर. देव, राजे आणि ऋषी शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, वाक्य लांबवतात, क्रियापद शेवटी ठेवतात आणि त्यावरच टाळी घेतात. आर्यन ज्या मराठीमुळे गुहागरला पाहुणा ठरला, ती इथे इंद्राच्या तोंडी आहे. त्याला हे पहिल्यांदा ऐकू येईल तेव्हा तो कलाकाराच्या आधी वाक्य पुरे करू लागेल, आणि पुढच्या रांगेतला एखादा म्हातारा मागे वळून त्याच्याकडे बघेल.

काम द्यायचेच असेल तर एक शक्य आहे. आख्यानात दूताचे काम अगदी लहान असते: येऊन प्रणाम करायचा, निरोप सांगायचा, जायचे. एखादा कलाकार वेळेवर पोहोचला नाही, तर असे काम जवळच्या कोणाला तरी देऊन वेळ मारून नेतात, ही कल्पना प्रेक्षकाला पटेल. सोहमला इतकी वर्षे रंगमंच हवा आहे आणि तिथे उभा राहतो आर्यन. सोहमला वाईट वाटेल, वाटू द्या, पण आर्यनच्या कमरेचा शेला त्यालाच नीट बांधावा लागेल, कारण बाकीच्या दोघांना तो बांधता येत नाही. दूताने काय बोलायचे ते त्याला बाजूला कोणीतरी दोन वाक्यांत सांगेल. संकासुराचा प्रवेश त्या आधीच, आडदशावतारात (आख्यानाआधीच्या पूर्वरंगात) होऊन जातो, तेव्हा त्या दोघांची गाठ मंचावर घालू नका. जाणकार प्रेक्षक लगेच हरकत घेतील. रंगपटात मात्र संकासुर झालेला कलाकार त्याला मालवणीत चार गोष्टी सुनावू शकतो. तो प्रवेश लिहून झाला की इथे टाका, बोली मी तपासून देईन.